अर्ध्या मिलिमीटरचा फरक : एका लॅपटॉपच्या थर्मल पॅडचे प्रकरण

नागपुरात एप्रिल उजाडला की दुरुस्तीसाठी येणाऱ्या लॅपटॉपच्या तक्रारींचा रंगच बदलतो. हिवाळ्यात तुटलेली बिजागरे आणि पाणी सांडलेले कळफलक येतात, तर एप्रिल-मे महिन्यांत ‘मशीन तापते आणि मग रांगते’ ही एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. येथे सांगत असलेले प्रकरण अशाच एका तक्रारीचे आहे, मात्र त्यातला महत्त्वाचा भाग मूळ दोषाचा नसून, तो दोष काढताना माझ्याच हातून जो दुसरा दोष यंत्रात शिरला त्याचा आहे.

लॅपटॉप १५.६ इंची पडद्याचा, गेमिंग वर्गातला, चार-पाच वर्षे वापरलेला होता. त्यात सहा कोअरचा इंटेल कोअर आय७-९७५०एच हा प्रोसेसर आणि एनव्हिडिया जीटीएक्स १६६० टीआय ही ६ जीबी मेमरीची ग्राफिक्स चिप होती. ग्राहक बाई घरांच्या अंतर्गत सजावटीचे आराखडे करीत आणि त्यांची त्रिमितीय चित्रे याच यंत्रावर रेंडर करीत. पूर्वी चाळीस मिनिटांत होणाऱ्या रेंडरला आता सव्वा तास लागतो, पंखे मिक्सरसारखे ओरडतात आणि कळफलकाच्या वरच्या पट्टीवर बोट ठेववत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. महिनाभरापूर्वी त्यांनी दुसरीकडून पंख्यांची धूळ काढून घेतली होती; त्याने आवाज थोडा कमी झाला, पण वेग परत आला नाही.

धूळ काढूनही फरक न पडणे ही बाब बोलकी होती. तरीही यंत्र उघडण्याआधी मी नेहमीप्रमाणे नोंदी घेतल्या, कारण उघडण्याआधीचे आकडे हातात नसतील तर नंतर काय सुधारले आणि काय बिघडले हे सांगण्याला आधार उरत नाही. खोलीत कूलर सुरू असताना तापमान ३३ अंश सेल्सिअस होते. एचडब्ल्यूइन्फो या तापमान नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद सुरू करून सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी दहा मिनिटांची चाचणी लावली. रिकाम्या स्थितीत ५८ अंशांवर असलेला प्रोसेसर भार पडताच दोन सेकंदांत ९९ अंशांवर पोहोचला. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश असल्याने त्याने स्वतःला आवरण्यास सुरुवात केली आणि ४५ वॅटऐवजी ३२-३३ वॅटवर तो स्थिरावला. सहा कोअरपैकी सर्वांत गरम आणि सर्वांत थंड कोअर यांत १४ अंशांचे अंतर होते. ग्राफिक्स चिपवर स्वतंत्र भार दिला तेव्हा ती ८३ अंशांवर, तर तिच्या आतील सर्वांत तप्त बिंदू, ज्याला ‘हॉटस्पॉट’ म्हणतात, ९९ अंशांवर दिसला.

या आकड्यांपैकी मी सर्वाधिक वजन ‘दोन सेकंद’ या आकड्याला देतो. वारा अडला असेल, म्हणजे पंख्यासमोरील पातळ पत्र्यांत लोकर साचली असेल किंवा पंखा मंदावला असेल, तर उष्णता आधी तांब्यात जाते, नळ्यांतून पत्र्यांपर्यंत पोहोचते आणि तेथे तुंबते. त्यामुळे तापमान काही मिनिटे हळूहळू चढत राहते. उलट चिप आणि तांब्याची पट्टी यांच्यामधला सांधाच निकामी झाला असेल, तर उष्णता चिपमधून बाहेरच पडत नाही. काटा क्षणात वर उडतो आणि भार काढताच क्षणात खाली येतो. पत्रे कोमट आणि चिप उकळती, असे हे चित्र असते. त्यात कोअर-कोअरमधले १४ अंशांचे अंतर म्हणजे सांधा सर्वत्र सारखा राहिला नसल्याची खूण होती. सांध्यातली उष्णतावाहक पेस्ट बदलणे आवश्यक आहे, आणि पट्टी उचलायचीच असल्याने आसपासच्या चिप व पट्टी यांमधली फट भरणारे मऊ थर्मल पॅडही बदलावे लागतील, असे ग्राहकांना सांगून काम हाती घेतले.

यंत्र उघडण्याआधी ते पाचेक मिनिटे चालवून कोमट केले, कारण वाळलेली पेस्ट थंड असताना चिपला इतकी घट्ट धरून बसते की पट्टी ओढताना डायचा, म्हणजे चिपच्या उघड्या सिलिकॉन तुकड्याचा, कोपरा उडण्याचा धोका असतो. मग ते बंद करून, खालचे झाकण काढून सर्वप्रथम बॅटरीचा कनेक्टर सोडवला. पट्टीवरील स्क्रूंशेजारी छापलेले क्रमांक पाहून ते उलट क्रमाने, प्रत्येकी अर्धा-अर्धा फेरा देत सैल केले. या कामात नवीन काही नाही. नवीन दिसले ते पट्टी उचलल्यावर. प्रोसेसरच्या डायचा मध्यभाग आरशासारखा चकचकीत, जवळजवळ कोरडा होता आणि पेस्ट कडांवर करड्या वळणासारखी साचलेली होती. लॅपटॉपमध्ये डायवर धातूचे झाकण नसते, तांबे थेट सिलिकॉनवर टेकते. तापताना तांबे सिलिकॉनच्या सहापटींहून अधिक प्रसरण पावते, त्यामुळे प्रत्येक तापण्या-निवण्यात पेस्टचा थर सूक्ष्म प्रमाणात मळला जातो आणि पातळ पेस्ट हळूहळू कडेकडे ढकलली जाते. ‘पेस्ट वाळली’ असे आपण सर्रास म्हणतो, पण पुष्कळदा ती वाळण्याआधी जागा सोडून गेलेली असते.

आता माझ्या चुकीकडे येतो. ग्राफिक्स चिपभोवती सहा मेमरी चिप होत्या आणि प्रोसेसर व ग्राफिक्स या दोघांच्याही बाजूला वीज नियंत्रित करणाऱ्या मॉसफेटच्या रांगा होत्या. या सगळ्यांवर करड्या रंगाचे मऊ पॅड होते आणि त्यांतून सिलिकॉनचे तेल पाझरून बोर्डावर चिकट ओघळ आले होते. पॅड काढताना मेमरीवरचे सहाही चुरा होऊन तुकड्या-तुकड्यांनी निघाले. अखंड निघाला तो फक्त प्रोसेसरजवळच्या मॉसफेटवरचा एक. त्याची न दाबलेली कड व्हर्नियर कॅलिपरने मोजली, ती १.५ मिलिमीटर भरली. त्या एका मापावरून सगळीकडे १.५ मिलिमीटरचे पॅड असावेत असे मी गृहीत धरले. मनात आणखी एक विचार होता, जो या धंद्यात अनेकांच्या मनात असतो: पॅड थोडा जाड झाला तर काय बिघडते, दबेल, पातळ झाला तर मात्र टेकणारच नाही. पॅडही मी मुद्दाम महागातला, वेष्टनावर उष्णता-वाहकतेचा १२.८ वॅट प्रति मीटर-केल्विन असा आकडा छापलेला घेतला. डाय आणि तांबे आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून दोन्ही चिपवर घट्ट प्रकारची पेस्ट लावली, पॅड कापून बसवले आणि पट्टी क्रमाने आवळली.

बंद केल्यावर तीच दहा मिनिटांची सिनेबेंच चाचणी घेतली. प्रोसेसर पूर्ण ४५ वॅटवर ८७ अंशांना स्थिरावला आणि कोअरमधले अंतर सहा अंशांवर आले. ग्राहक दुकानातच थांबल्या होत्या, त्यांना दुसऱ्या दिवशी काम द्यायचे होते. ग्राफिक्सची चाचणी मी घेतली नाही. त्या दिवशी कामाला उशीर झाला होता हे खरे, पण मुख्य तक्रारीचा आकडा सुधारलेला पाहून उरलेले आकडे तपासण्याची इच्छाच मंदावते, हे त्याहून खरे.

चार दिवसांनी यंत्र परत आले. बाईंचा प्रोसेसरवरचा रेंडर आता झपाट्याने होत होता, पण आराखड्यात फिरताना आणि ग्राफिक्स चिपवर चालणाऱ्या रेंडरमध्ये चित्र अडखळत होते. पूर्वी असे कधी झाले नव्हते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मी नोंद लावली. ग्राफिक्स चिप ८६ अंशांवर आणि तिचा हॉटस्पॉट १०८ अंशांवर होता. दोहोंतले अंतर दुरुस्तीआधी १६ होते, ते आता २२ झाले होते. पूर्वी ८० वॅट घेणारी चिप ६६ वॅटपर्यंत खाली येत होती. नवी पेस्ट, नवे पॅड, आणि यंत्राचा हा भाग आधीपेक्षा वाईट.

पुन्हा उघडले. या वेळी पट्टी सरळ वर उचलली आणि पुसण्याआधी दोन्ही बाजूंचा पेस्टचा ठसा नीट पाहिला. प्रोसेसरवर पेस्ट इतकी पातळ पसरली होती की तिच्याखालची सिलिकॉनची छटा दिसत होती. म्हणजे तेथे दाब योग्य होता. ग्राफिक्स चिपवर मात्र जाड, अपारदर्शक थर होता आणि एका कोपऱ्यात तर तांब्याने पेस्टला पुरता स्पर्शही केलेला नव्हता, तेथे पेस्ट पसरवताना उमटलेली माझ्या प्लॅस्टिकच्या उलथण्याची रेघ तशीच शिल्लक होती. त्याच कोपऱ्याजवळचे दोन मेमरी पॅड चिपचा खोल ठसा उमटवून ताठ उभे होते. निदानासाठी यापुढे काही पाहण्याची गरज नव्हती: तांब्याची पट्टी ग्राफिक्स चिपवर नव्हे, सहा मेमरी पॅडवर बसली होती, टेबलाखाली पुस्तके रचल्यावर त्याचे पाय जसे जमिनीवरून उचलले जातात तशी.

प्रोसेसरच्या बाजूला हे का झाले नाही याचेही उत्तर त्याच पट्टीत होते. त्या बाजूला फक्त मॉसफेटवर पॅड होते, तेथे खरोखरच १.५ मिलिमीटरच्या पॅडची फट होती आणि माझे माप तेथलेच होते. एका जागी बरोबर असलेले माप मी सहा जागी चुकीचे वापरले, आणि चाचणीही नेमकी बरोबर असलेल्या जागेचीच घेतली.

आता फट किती आहे हे अंदाजाने नव्हे, मापाने ठरवायचे होते. पट्टीखाली कॅलिपर जात नाही, आणि मोटारसायकलचे टॅपेट बसवताना वापरतात ती फीलर गेज, म्हणजे फट मोजण्याची धातूची पाती, चिपमध्ये खुपसणे म्हणजे वेडेपणा. म्हणून जुनी पण खात्रीची रीत वापरली. मुलांच्या खेळण्यातली तेलकट, न सुकणारी क्ले घेऊन तिच्या मुगाएवढ्या गोळ्या केल्या, त्यांच्या वर-खाली खाद्यपदार्थ गुंडाळण्याची पातळ प्लॅस्टिक फिल्म ठेवली आणि प्रत्येक मेमरी चिपवर व मॉसफेटवर एकेक गोळी ठेवून, दोन्ही डायवर नेहमीएवढी पेस्ट लावून पट्टी क्रमाने पूर्ण आवळली. सोडवल्यावर प्रत्येक गोळीची चपटी चकती झालेली होती. मेमरीवरच्या सहा चकत्या ०.८५ ते ०.९ मिलिमीटर भरल्या, ग्राफिक्सच्या मॉसफेटवरच्या ०.९ आणि प्रोसेसरच्या मॉसफेटवरच्या १.३ ते १.४. म्हणजे मेमरीवर १ मिलिमीटरचा मऊ पॅड हवा होता, जो एक-दशांशाने दबून बसला असता. मी तेथे दीड मिलिमीटरचा ताठ पॅड घातला होता, ज्याला चाळीस टक्के दबावे लागले असते. लॅपटॉपच्या चार लहान स्प्रिंगदार स्क्रूंत एवढा जोर नसतो. तो जोर स्क्रू पिळून आणता येईल असे वाटत असेल तर पट्टी वाकते किंवा बोर्ड कमानीसारखा होतो, आणि तो तोटा पॅडच्या किमतीत मोजता येत नाही.

या ठिकाणी थोडा हिशेब मांडतो, कारण त्याने माझा पॅडच्या वेष्टनावरील आकड्यांवरचा बराचसा भरवसा उडाला. या मेमरी चिपचे आकारमान १४ गुणिले १२ मिलिमीटर असते. एका चिपची उष्णता दोन वॅट धरली आणि मध्ये १ मिलिमीटर जाडीचा, ६ वॅट प्रति मीटर-केल्विन वाहकतेचा साधा पॅड ठेवला, तर पॅडच्या दोन बाजूंतील तापमानाचा फरक सुमारे २ अंश येतो. वाहकता दुप्पट असलेला महाग पॅड घेतला तर तो १ अंशावर येतो. म्हणजे महाग पॅडने मेमरीचा एक अंश वाचला. आता ग्राफिक्स चिपकडे पाहा. तिचा डाय २८४ चौरस मिलिमीटरचा आहे आणि त्यातून ८० वॅट बाहेर पडायचे आहेत. पेस्टची प्रत्यक्षातली वाहकता ५ धरली, तर ५० मायक्रॉनच्या थरातून जाताना ३ अंशांपेक्षा कमी फरक पडतो. तोच थर पॅडने उचलल्यामुळे २०० मायक्रॉनचा झाला की फरक ११ अंशांपलीकडे जातो. आणि जेथे पेस्टही टेकली नाही, तेथे हवा असते. हवेची वाहकता ०.०२६ च्या आसपास. एवढी सगळी उष्णता दहा मायक्रॉन हवेतून न्यायची म्हटले तर कागदावर शंभर अंशांहून अधिक फरक येतो. प्रत्यक्षात ती शेजारून वाट काढते, आणि तोच शेजार हॉटस्पॉट म्हणून दिसतो. जेथे दोन वॅट वाहायचे होते तेथे एक अंश वाचवण्यासाठी मी जेथे ऐंशी वॅट वाहायचे होते तेथले दहा अंश घालवले होते.

पॅड विकत घेताना वाहकतेचा आकडा ठळक अक्षरांत असतो, कडकपणाचा आकडा मात्र शोधावा लागतो, बऱ्याचदा तो छापलेलाच नसतो. तो शोअर ००च्या मोजपट्टीवर देतात, आणि जितका कमी तितका पॅड मऊ. उष्णता अधिक वाहावी म्हणून सिलिकॉनमध्ये भुकटी अधिक भरली की पॅड सहसा ताठ होत जातो, हे विक्रेता सांगत नाही. बोटाने दाबून पाहिल्यावर जो पॅड खोडरबरासारखा वाटतो तो लॅपटॉपसाठी मी आता घेत नाही. पोळीच्या शिळ्या कणकेइतका तरी तो नमला पाहिजे. अनेक जाडींच्या फटी असतील तर पॅडऐवजी थर्मल पुटी, म्हणजे मळलेल्या मातीसारखा लगदा, हाही पर्याय असतो. ती लागेल तेवढी दबते आणि मापाची चूक पोटात घालते, पण पुढच्या दुरुस्तीत ती खरवडून काढणे त्रासाचे असल्याने या यंत्रात मी ती वापरली नाही.

दुसऱ्या खेपेला मेमरीवर आणि ग्राफिक्सच्या मॉसफेटवर १ मिलिमीटरचे मऊ, ६ वाहकतेचे पॅड घातले आणि प्रोसेसरच्या मॉसफेटवर त्याच जातीचे १.५ मिलिमीटरचे. पॅड चिपच्या आकाराचेच कापले, बाहेर लोंबू दिले नाहीत, कारण बाहेरचा भाग शेजारच्या कपॅसिटरवर दाबला जातो. डायवर मात्र पेस्टऐवजी अवस्था बदलणारी पातळ शीट, हनीवेलच्या पीटीएम७९५० जातीची, वापरली. खोलीच्या तापमानाला ती मेणकट घन असते आणि सुमारे ४५ अंशांपुढे मऊ होऊन दाबाखाली पसरते. पेस्टसारखी कडेला ढकलली जाण्याची तिची प्रवृत्ती फार कमी असते. नागपूरच्या एप्रिलमध्ये ती हाताळण्याची अडचण मात्र वेगळीच आहे: तिच्या दोन्ही बाजूंचे संरक्षक प्लॅस्टिक सोलताना शीट बोटाला चिकटून फाटते. दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवली की प्लॅस्टिक सुटसुटीत निघते. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरू नये म्हणून ती बंद पिशवीतच ठेवावी लागते, कारण कूलरच्या दमट हवेत थंड वस्तूला पाणी सुटायला वेळ लागत नाही.

बंद करण्याआधी एक पायरी वाढवली, जी पहिल्या वेळी केली असती तर हे प्रकरण लिहिण्याजोगे राहिलेच नसते. शीट लावण्यापूर्वी दोन्ही डायवर थोडी पेस्ट लावून, नव्या पॅडसह पट्टी पूर्ण आवळली आणि लगेच सोडवून पाहिली. दोन्ही डायवर ठसा पातळ व सर्वत्र सारखा होता, आणि प्रत्येक पॅडवर चिपच्या कडांची उथळ, स्पष्ट चौकट उमटली होती. दोन्ही खुणा लागतात. पॅडवर चौकट नसेल तर पॅड टेकत नाही, आणि डायवर थर जाड असेल तर पॅड पट्टीला उचलून धरतो. या ग्राफिक्स चिपच्या मेमरीचे तापमान कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसत नसल्याने मेमरीच्या बाबतीत ही चौकट हाच एकमेव पुरावा होता. मग पेस्ट पुसली, शीट बसवली आणि यंत्र जोडले.

पहिल्या चाचणीत आकडे निराशाजनक आले, तेव्हा अनुभव नसता तर मी पुन्हा उघडायला बसलो असतो. शीट दाबाखाली पुरती पसरायला काही वेळा तापून निवावी लागते. भार देणे, थंड होऊ देणे असे चार-पाच फेरे केल्यावर, खोलीत ३५ अंश असताना, प्रोसेसर ४५ वॅटवर ८२ अंशांना आणि ग्राफिक्स चिप पूर्ण ८० वॅटवर ७४ अंशांना थांबली. तिचा हॉटस्पॉट ८६ होता. दोघांवर एकदम भार दिला तेव्हा प्रोसेसर ९० आणि ग्राफिक्स ७९ पर्यंत गेले, कारण उष्णतानळ्या दोघांत सामायिक आहेत आणि एकाची आच दुसऱ्याला लागणारच. हे आकडे पहिल्या नोंदीशी ताडताना खोली या वेळी दोन अंशांनी अधिक गरम होती हेही धरायला हवे. मेमध्ये पारा ४५ पलीकडे गेला आणि कूलर बंद असला, तर हेच यंत्र पुन्हा शंभरीला टेकू शकते, आणि तेव्हा दोष सांध्याचा नसून हवेचा असेल, हे मी ग्राहकांना यंत्र देतानाच सांगितले.

दुसऱ्या खेपेचे पैसे अर्थातच घेतले नाहीत. महागाचे ते ताठ पॅड माझ्या खणात पडून आहेत. एखाद्या डेस्कटॉपच्या एसएसडीवर, जेथे पत्रा वरून सैलच बसतो, तेथे ते उपयोगी पडतील. यंत्र बंद करताना खालच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, पंख्याच्या वाटेत येणार नाही अशा जागी, एक कागदी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर लिहिले: मेमरी १.०, ग्राफिक्स मॉसफेट १.०, प्रोसेसर मॉसफेट १.५, सर्व मऊ. डायवर शीट, पेस्ट नाही.